गाठ तिची, धीर माझा

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. बायकोच्या छातीत गाठ सापडली, तिनं ती मला दाखवली, आणि मी "काय न्हाय" म्हणालो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी वैद्य नव्हतो, डॉक्टर नव्हतो. निपाणीत तंबाखूच्या वखारीतला दलाल होतो. पण ज्याला काही कळत नाही तो जितक्या ठामपणे बोलू शकतो, तितकं कळणाऱ्याला कधी बोलता येत नाही. धंद्यात हा अनुभव मी दुसऱ्यांकडून पुष्कळ घेतला होता. घरात मी तो दिला.

धंद्याचं थोडं सांगायला हवं, कारण चूक तिथूनच घरी आली. त्या काळी वखारीत तंबाखूचा भाव तोंडानं बोलत नसत. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणारा व्यापारी समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं जाई आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगितला जाई. भोवती माणसांचं कडं असायचं, पण आत काय चाललंय ते कुणाला कळायचं नाही. कळायची एकच वाट होती, ती म्हणजे दलालाचा चेहरा. म्हणून दलालानं आपला चेहरा मारून टाकायचा असतो. भाव ऐकून सौदा बुडताना दिसला तरी भुवई हलता कामा नये. ह्या विद्येत निपाणीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. चिकोडीकडचे मुरलेले व्यापारी आपसात कानडीत कुजबुजत माझ्या तोंडाकडे बघत बसायचे आणि शेवटी हसून म्हणायचे, "ह्यो माणूस हाय का भित्त?" मला तो मोठा किताब वाटायचा. घरी जातानाही मी ती भिंत घेऊनच जायचो.

लढाईचा काळ होता. रॉकेलला रांग, साखरेला रांग. तरी दिवाळीच्या पहिल्या अंघोळीपुरतं तेल बायकोनं राखून ठेवलं होतं. मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. मी अंघोळ उरकून फराळाला बसलो होतो. ती न्हाणीतून ओल्या केसांनी आली आणि माझ्यासमोर बसून म्हणाली,

"आवो, हितं काय तर लागतंय हाताला."

"कुठं?"

तिनं दाराकडं एकदा पाहिलं, माझा हात धरला आणि पदराखाली नेला. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, चिंचोक्याएवढं टणक काही तरी होतं.

हे दुखणं आमच्या घराला नवं नव्हतं. माझी धाकटी चुलती त्यातच गेली होती. तिनं आपली गाठ पदराआड वर्षभर लपवली, आणि लपवता येईना तेव्हा घरच्यांनी तिलाच मागच्या खोलीत लपवली. तिची जखम धुणारी, चिंध्या उकळणारी आणि त्या खोलीत धूप फिरवणारी घरातली नवी सून म्हणजे माझी बायको. त्या दुखण्याचं नाव कुणी घेत नसे. "काकीचं ते" एवढंच म्हणत. त्यामुळे त्या सकाळी आम्ही दोघं एकाच खोलीचा विचार करत होतो, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी हात काढून घेतला, चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणालो, "काय न्हाय. चहा आण."

तिनं चहा आणला. मी तो प्यालो. भुवई हलली नाही. आपण बायकोला केवढा धीर दिला, असं मला वाटलं.

त्यानंतर मी काळजीशी ज्या शौर्यानं झुंजलो ते सांगण्यासारखं आहे. पहिल्याच आठवड्यात मी गावातल्या डॉक्टरकडे गेलो. बायकोला घेऊन नव्हे, एकटाच. त्याच्यापुढं बसून मी सांगितलं की आमच्या एका गिऱ्हाइकाच्या बायकोला असं असं झालंय. डॉक्टरनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कुठलं गिऱ्हाईक?"

"हाय एक. लांबचं."

"मग त्या लांबच्या गिऱ्हाइकाला म्हणावं, बायकोला बेळगावला बायकांच्या दवाखान्यात घेऊन जा. तिथल्या डॉक्टरीणबाईला दाखव. आणि दिवाळीचा फराळ संपायची वाट बघू नकोस."

मी मान डोलावली आणि बाहेर पडलो. गिऱ्हाइकाला निरोप पोचवला नाही.

न पोचवण्याची कारणं भक्कम होती. आधी दिवाळी होऊ दे, सणासुदीला दवाखान्याचं तोंड कशाला बघायचं? मग तुळशीचं लग्न होऊ दे. मग मार्गशीर्ष तसा वाईट नव्हे, पण मोटारींना पेट्रोल मिळत नव्हतं. मग संक्रांतीला मुली येणार होत्या. खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. दाखवलं तर कळेल, आणि कळलं तर ते खरं होईल, असला काही तरी हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. धंद्यात असला हिशेब कुणी मांडला असता तर मी त्याला वखारीच्या पायरीवर उभा केला नसता.

बायकोला मात्र ह्यातलं काही सांगायचं नाही, हे मी पक्कं ठरवलं. तिला उगाच काळजी नको. आणि तिला काळजी नको म्हणून मी तिच्याशी चांगला वागायला लागलो. शहापूरच्या एका विणकराला गाठून, कापडाच्या त्या टंचाईत, तिला शहापुरी लुगडं आणलं. आमटीवरून ओरडणं सोडलं. पहाटे तिच्याआधी उठून अंगणातली चूल पेटवायला लागलो. एकदा तर धुरानं शेजारी जागे झाले. मनातल्या मनात नवस बोलून गोड सोडलं आणि तेही तिला सांगितलं नाही. नुसतंच ताटातली पुरणाची पोळी बाजूला सारायचो. तिनं कारण विचारलं तर म्हणायचो, "पोटाला सोसंना झालंय." एवढा गुणी नवरा त्या आळीत दुसरा नव्हता. आपला चेहरा स्वच्छ आहे आणि हिला कशाचा पत्ता नाही, ह्या समाधानात मी होतो.

तीही छान वागत होती. गाठीचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट तिला एकदम उत्साह आला. ट्रंका उपसल्या, भांड्यांना कल्हई करून घेतली, लोणच्याच्या बरण्यांवर कुठली कशाची ते खडूनं लिहून ठेवलं. मार्गशीर्षात माहेरी येळ्ळूरला जाऊन आली आणि येताना मामेबहिणीला घेऊन आली.

ही मामेबहीण तिशीच्या आतबाहेरची. नवऱ्यानं दुसरी बायको केल्यावर दोन्ही पाय आपटून माहेरी परतलेली. जिभेला धार, आणि कामाला वाघीण. बायको म्हणाली, "पापड करायचं हाईत, हाताखाली कोण तर पायजे." मी म्हणालो, बरं केलंस.

मग घरात शिकवणी सुरू झाली. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचो आणि मला कौतुक वाटायचं. "ह्यास्नी चहात साखर नसली तर गूळ चालतोय, पर आलं नको." "ह्यांचं उपरणं वेगळं धू, तंबाखूचा वास जात न्हाय." "पाठ दुखाय लागली की बोलत न्हाईत, नुसतं पाट सरकवतात. मग तेल गरम करायचं." एके दिवशी जेवायला बसलो तर आमटी वेगळीच लागली. झणझणीत, चिंच बेताची.

"ही कुणी केली?" मी विचारलं.

"हिनं," बायको म्हणाली. "बरी झालीया?"

आता इथं मी काय बोललो ते लिहिताना अजून हात अडतो. मी म्हणालो, "बरी? हिच्या हाताला तुझ्यापेक्षा चव हाय."

बायको हसली. खरोखर समाधानानं हसली. मामेबहीण ताट तिथंच ठेवून परसात निघून गेली. मला वाटलं, बाई लाजली.

संक्रांत झाली, मुली येऊन तिळगूळ देऊन गेल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी बायको विहिरीवर गेली होती आणि मी वखारीला निघायच्या तयारीत होतो, तोवर मामेबहीण बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिली. हातात गाठोडं.

"दाजी, मला उद्याच्या मोटारीत बसवून द्या. मी येळ्ळूरला जाते."

"का गं? झालं पापड?"

"पापड!" ती कपाळाला हात लावून म्हणाली. "दाजी, थंडीत कोण पापड करतं? वाळायचं कुठं, तुमच्या टाळक्यावर?"

मला हे सुचलंच नव्हतं. आमच्याकडे पापड चैत्रात करतात हे निपाणीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"मग कशाला आलीस?"

"तुमची बायकू व्हायला."

मी भिंतीला टेकलो.

"भिऊ नगा, मला न्हाय व्हायाचं. दुसरी म्हंजे काय असतंय ते मी पयली ऱ्हाऊन बघितलंय. पर आक्कानं सगळं ठरवलंय. माझ्या भावाशी बोललीया. वरीस झालं की करा म्हणली, लोकं नावं ठेवणार न्हाईत म्हणली. मला तुमचं पाट, तुमचं तेल, तुमचं उपरणं शिकवाय लागलीया. परवा लुगडी दावली, ह्ये तुला, ह्ये तुला म्हणून. कालच्या रातीला म्हणती, त्यास्नी साधा चहा करून घ्याय येत न्हाय गं, माझ्या माघारी कसं हुयाचं? आवो, माणूस मराय निघालंय तुमच्या घरात आनी तुमी आमटीची चव सांगालाय!"

ती आत गेली. मी बसून राहिलो. माझी भुवई हलली असावी, पण बघायला कुणी नव्हतं.

बायको घागर घेऊन आली. मी उठलो आणि परसात तिच्यामागं गेलो. ती तांदूळ पाखडायला बसली.

"तुला कुणी सांगितलं तू मराय लागलीस म्हणून?"

तिनं वर पाहिलं नाही. "तुमीच की."

"मी? मी काय बोललो तर?"

"त्येच तर." सूप थांबलं. "लगीन झाल्यापास्नं आमटीत मीठ कमी पडलं तर आख्ख्या आळीला ऐकू जायाचं. दिवाळीपास्नं तुमची हू का चू न्हाय. मी मुद्दाम दोनदा अळणी केली."

"मुद्दाम?"

"व्हय. म्हटलं बघू, वरडत्यात का. तुमी गप खाल्लासा. दुसऱ्या बारीला तर वाढ म्हणलासा. त्या दिशी मी वळखलं. आपलं काय खरं न्हाय."

मला हसू आलं नाही. आज लिहिताना येतं, आणि लगेच जातं.

"वखारीत भाव पडला की तुमी तोंड भित्तीगत करून घरला येता. मोठा सौदा असला की जास्तच. मला काय ठावं न्हाय व्हय? मग लुगडं आणलासा. सण न्हाय, वार न्हाय. गोड सोडलासा. डाक्टरकडं गेलतासा त्ये बी कळलं, कंपौंडरची बायकू पाण्याला भेटली. म्हणती, तुमच्या मालकांच्या कुठल्या गिऱ्हाइकाच्या बायकूला गाठ झालीया गं? म्हटलं, झाली आसंल बिचारीला." तिनं सूप खाली ठेवलं. "काय म्हणला डाक्टर?"

"बेळगावला दाखवा म्हणला."

"कवा म्हणला?"

मी सुपातला एक खडा उचलून लांब फेकला.

"कवा म्हणला, आवो?"

"दिवाळीत."

ती रडली असती तर मला काही तरी करता आलं असतं. ती तांदळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग मी हितं कुणाची वाट बघत बसलीया?"

चिकोडीच्या व्यापाऱ्यांना माझा चेहरा वाचता आला नाही हे खरं. ज्या एका माणसाला तो पहिल्या दिवसापासून वाचता येत होता, तिच्यापुढं मी अडीच-तीन महिने तो घेऊन मिरवत होतो. आणि तिनं जे वाचलं ते चूक होतं. मला काही कळलेलंच नव्हतं. मी नुसता भ्यालो होतो. पण भ्यालेला माणूस आणि मरणाची बातमी दाबून बसलेला माणूस, दोघांची तोंडं सारखीच दिसत असतील तर तो दोष तिचा कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बेळगावच्या मोटारीत बसलो. मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं तिची शेगडी धुमसत होती. शेजारच्या बाकावर संकेश्वरचा एक म्हातारा होता. त्यानं विचारलं,

"कुठं निघालासा?"

"बेळगावला. जरा बाजार हाय," मी म्हणालो.

"बायामाणसं घेऊन?"

बायको पुढं वाकून म्हणाली, "दवाखान्याला निघालोय, आप्पा. मला छातीत गाठ झालीया."

मी शरमेनं खिडकीबाहेर बघितलं. वाटलं, आता आख्खी मोटार वळून बघणार. कुणीही वळलं नाही. म्हातारा म्हणाला, "जावा, जावा. आमच्या सुनंला गळ्याला झालती. कापून काढली. आता माझ्याशी भांडती." आणि त्यानं तंबाखू मळायला घेतली. पुढचा सगळा रस्ता बायको आणि तो बोलत होते. अडीच-तीन महिन्यांत घरात जेवढी बोलली नसेल तेवढी ती त्या अनोळखी म्हाताऱ्याशी बोलली.

वंटमुरीच्या घाटात मोटारीचा दम गेला. पुरुषांनी उतरून ढकलायची, बायकांनी आत बसून राहायचं, असा तेव्हाचा रिवाज. मी उतरलो आणि ढकललं. आतून मामेबहिणीचा आवाज आला, "ढकला दाजी, ढकला. आजपातूर नुसतं पुढंच ढकलत आलासा, तुमाला सवय हाय."

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई माझ्या थोरल्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल. तिनं विचारलं, "कधी लक्षात आलं?"

"हे आत्ताच," मी म्हणालो.

"दिवाळीत," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. बायकोला पडद्याआड नेलं. बराच वेळ गेला. मग तिनं मला आत बोलावलं, पण बोलली बायकोशीच. गाठ बोटाखाली हलते आहे, कातडीला धरलेली नाही, काखेत काही लागत नाही, ही बरी लक्षणं आहेत, असं तिनं सांगितलं. "पण नुसत्या हातानं कुणीही खात्री देऊ शकत नाही. मीसुद्धा नाही. भूल देऊन काढू, आणि काढलेली गाठ मुंबईला तपासायला पाठवू. तिकडून उत्तर येईपर्यंत मला माहीत नाही असंच मी म्हणणार."

मी मनात म्हटलं, अशी कशी ही डॉक्टर? आजारी माणसाला तोंडावर "मला माहीत नाही" सांगते? आता ही कोसळणार. मी सावरायला पुढं झालो.

बायको कोसळली नाही. तिनं पदर नीट केला आणि विचारलं, "म्हंजे अजून कुणालाच ठावं न्हाय?"

"कुणालाच नाही."

"ह्यास्नी पण?" तिनं माझ्याकडे बोट केलं.

"त्यांना कुठून माहीत असणार?"

बायकोनं इतका मोठा श्वास सोडला की डॉक्टरीणबाई दचकली. मग ती बाकावर बसली आणि मामेबहिणीला म्हणाली, "डब्यातलं दे गं काय तर. भूक लागलीया."

गाठ काढली. मी वऱ्हांड्यात बसलो होतो. तिथं मी काय केलं ते लिहीत नाही. मामेबहिणीनं येळ्ळूरभर सांगितलेलं आहे, तेवढं पुरे. उत्तर यायला पंधरा-वीस दिवस लागले. त्या दिवसांत आम्ही दोघंही भीत होतो, पण निदान एकाच गोष्टीला भीत होतो. आणि मग उत्तर आलं. गाठ साधी होती. वाईट काही नव्हतं.

गोष्ट इथं संपती तर मी तुमच्या नजरेतून थोडक्यात सुटलो असतो. पण माझा स्वभाव आड आला.

बातमी कळली त्या संध्याकाळी मी पेढे आणले. वखारीतली माणसं, आळीतली माणसं, सगळी ओटीवर जमली. आनंदानं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं म्हणता येईल, पण ते खरं नाही, ठिकाणावर होतं. कुणीतरी म्हणालं, "लई काळजी केली आसशीला." आणि नवस फिटला म्हणून मी पेढा तोंडात टाकून म्हणालो, "काळजी कसली? मी तर दिवाळीतच सांगितलं होतं, काय न्हाय म्हणून."

"दलालाची पारख हाय, चुकंल व्हय?" एक जण म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. ती मामेबहीण. मग बायको चहाचे पेले घेऊन बाहेर आली. खांदा अजून दुखत होता, म्हणून एकाच हातात ताट तोललेलं. माझ्याकडे न बघता ती लोकांना म्हणाली, "व्हय. ह्येनी सांगितलंतं." आणि आत गेली.

चार माणसांत तिनं माझी लाज राखली. त्या क्षणी मला जे कळलं ते बेळगावच्या दवाखान्यातही कळलं नव्हतं. तिची भीती खोटी ठरली होती, ह्याचा आनंद मी साजरा करत होतो आणि त्याबरोबर ती सगळी भीतीही खोटी ठरवत होतो. विहिरीवर कंपौंडरच्या बायकोपुढं तोंड सरळ ठेवणं, लुगड्यांच्या वाटण्या, स्वतःच्या नवऱ्याला स्वतःच्या हातानं दुसरी बायको शोधणं, सगळं जणू तिचा वेडेपणा, आणि मी आपला पारखी.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जखम वली हाय अजून. चार दिस म्हायेरला जाऊन येते." मी म्हटलं, जा. दोघी गेल्या. चार दिवसांचे आठ झाले, मग पंधरा. मी आळीतल्या एका बाईकडून जेवण मागवलं. चहा स्वतः करायचा प्रयत्न केला. तिचं माझ्याबद्दलचं मत अचूक होतं. वखारीत हंगाम भरात होता. उपरण्याखाली बोटं यायची, आकडे यायचे, आणि मला ते नीट ऐकू यायचे नाहीत. एका व्यापाऱ्यानं सरळ विचारलं, "आज तोंड का पडलंय?" किताब गेला.

मी येळ्ळूरला गेलो. सासुरवाडीला जावई गेला म्हणजे काय होतं ते सांगायला नको. मेहुणा धावत आला, "या पाव्हणं, या." घोंगडं झटकून अंथरलं. सासूबाईंनी त्या टंचाईत माझ्या चहासाठी साखर कुठून तरी काढली. अंगणात पाच-सहा बायका तांदूळ पाखडत होत्या. त्यांत माझी बायको डाव्या हाताला जपत खडे वेचत होती, आणि मामेबहीण सूप हाणत होती.

"बसा जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

बसलो असतो तर चहा आला असता, पीकपाण्याच्या गप्पा झाल्या असत्या, मेहुण्यानं "आक्काला घेऊन जा" म्हटलं असतं, आणि ती मुकाट्यानं गाठोडं बांधून निघाली असती. आमच्याकडे अशीच भांडणं मिटतात. जावयानं सासरच्या अंगणात चूक कबूल केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण पेढे खाताना मी जे बोललो ते लोकांसमोर बोललो होतो. मग हे घरात, कोपऱ्यात बोलून कसं भागणार?

मी उभाच राहिलो. बायकोकडे बघून म्हणालो, "मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोला की," ती खडे वेचत म्हणाली.

मी काही तरी पुटपुटलो. मला स्वतःलाच ते ऐकू आलं नाही.

"दाजी, जोरात बोला," मामेबहीण म्हणाली. "सुपाचा आवाज हाय."

"मग थांबव की सूप!"

"न्हाय थांबवत. कामाचं दिस हाईत."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मेहुणा खाली बघायला लागला. बायकोचा हात थांबला होता, आणि ती पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होती. तोंडावर काय होतं मला माहीत नाही. मी ते सांभाळत नव्हतो.

मी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणालो, "मला कायबी कळलं नव्हतं. काय न्हाय म्हणालो ते भ्यालो म्हणून म्हणालो. डॉक्टरनं दिवाळीतच बेळगावला ने म्हणून सांगितलं होतं आणि मी तुला सांगितलं न्हाय. तू आपल्या मरणाची तयारी करत होतीस आणि मी तुझ्याशेजारी बसून जेवत होतो. आणि वर सगळ्यांम्होरं म्हणालो, मी सांगितलंच होतं म्हणून. ते खोटं होतं. माझं चुकलं. मला माफ कर."